लोणारची उतरण आणि कमळजेची ओटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केळापूर येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणीतरी चार शब्द बोलावेत असा आपला प्रघात आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी काही विदुषी नाही. म्हणून मला जे ठाऊक आहे, जे मी माझ्या पायांनी चालून पाहिले आहे, त्याविषयीच बोलणार आहे. विषय साधा आहे: एका दिवसात, फारसा जीव न शिणवता, तळ्याकाठी पायी जाऊन येणे. तळे म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. मंडळाच्या अकराजणी दोन वर्षांमागे मार्गशीर्षात तिथे जाऊन आलो. यंदा पुन्हा जावे की नाही, गेल्यास कोणी जावे, याची चर्चा मंडळात चालू आहे. ती चर्चा मनात धरूनच मी बोलते आहे.

पहिला प्रश्न ज्येष्ठ भगिनींनी विचारला तो असा: "देवदर्शन म्हणाल तर आपली केळापूरची जगदंबा दाराशी आहे. मग तळे पाहायला एवढ्या लांब कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्या बायकांचे घराबाहेर पडणे बहुधा कारणाने होते. माहेरी बोलावणे आले, कोणाचे लग्न निघाले, दवाखाना निघाला, नवस फेडायचा राहिला, म्हणजे बाई पडते बाहेर. नुसते चालावे, नुसते पाहावे, यासाठी बाई निघाली तर "काय काम काढले?" असे चार लोक विचारतात. पुरुषाला तसे कोणी विचारीत नाही. तेव्हा उत्तर म्हणून मी लोणार काय आहे हेच आधी सांगते. ते ऐकून कारण पुरेसे वाटते की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याची बरीचशी काळी जमीन ज्या काळ्या खडकाची झिजून झाली, तोच खडक लोणारलाही आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहून आला, थरावर थर साचले, आणि त्याचा हा दगड झाला. आपल्या शेजारच्या झरी जामणी तालुक्यात शिबल्याच्या बाजूला याच खडकाचे षटकोनी खांब २०२२ साली उजेडात आले, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. अशा कठीण खडकावर लोणारला आकाशातून एक प्रचंड उल्का येऊन आदळली आणि वाटीसारखा खळगा पडला. त्या वाटीचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि काठापासून पाण्यापर्यंतची उतरण जवळजवळ १३५ मीटर आहे. तळाशी सव्वा किलोमीटर रुंदीचे तळे आहे. वरून पाहिले तर हिरव्या काठाच्या परातीत पाणी ओतून ठेवावे तसे दिसते.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे कितीतरी वर्षे विद्वान हा ज्वालामुखीचा खळगा आहे असेच समजत होते. तळाला भोके पाडून खोलवरचे दगड काढले, तेव्हा त्यांत जबरदस्त आघातानेच तयार होणारी काच सापडली. १९७३ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. आघात केव्हा झाला याविषयी मात्र मते बदलली. पूर्वी सुमारे बावन्न हजार वर्षे म्हणत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. चंद्रावरचे खळगेही अशाच काळ्या खडकात आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक दूरदेशांहून लोणारला येतात, आणि आपण विदर्भात राहून तिथे जात नाही.

आपल्या पूर्वजांनी या जागेची कथा वेगळी सांगितली आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली बिळात दडून बसे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना भुलवून त्याची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. तळ्याचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचे मांस. लोणार गावातले दैत्यसूदनाचे हेमाडपंती देऊळ याच कथेचे आहे. त्याचे कोरीवकाम पाहायला वेगळा अर्धा दिवस हवा. कथा खरी की उल्का खरी, असे भांडण मी लावणार नाही. आकाशातून काही आले आणि भूमी फाटली, हे दोन्हींत आहे. मात्र त्या दोन बहिणींचे पुढे काय झाले, हे कथा सांगताना कोणी सांगत नाही, एवढे माझ्या ध्यानात राहिले.

आता प्रत्यक्ष चालण्याकडे येते.

इथून यवतमाळ, दारव्हा, वाशीम, रिसोड असा प्रवास आहे. तो सगळा दिवस खातो. म्हणून आदल्या संध्याकाळी लोणारला पोहोचून मुक्काम करावा आणि चालण्याचा दिवस मोकळा ठेवावा. पहाटे आम्ही आधी धारेवर गेलो. काठावर गोमुखातून गोड्या पाण्याची अखंड धार पडते. बाराही महिने ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे. खाली एवढे खारे पाणी आणि वर, त्याच डोंगरकुशीत, एवढे गोड, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांत मुरते आणि खालच्या घट्ट थरावर अडून बाजूने बाहेर पडते, ते हे पाणी. पाणी खाली तळ्यात जाते, पण तळ्यातून बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार तेवढे मागे राहतात. वर्षानुवर्षे कढी आटवत ठेवावी तसा हा प्रकार आहे.

उतरायला आम्ही रामगयेच्या देवळाकडची वाट धरली. पहिली उतरण थोडी दगडांची आहे. तिथे काठी हवी आणि घाई नको. एकदा झाडीत शिरलो की वाट सोपी होते. सीताफळ, साग, निंब, पुढे बाभळी. वानरांच्या टोळ्या आणि मोरांचा आवाज. आमच्यातल्या एक काकू सत्तरीला टेकलेल्या. अर्ध्या वाटेवर त्या एका शिळेवर बसल्या. मागून येणारी एक धाकटी घाबरून म्हणाली, "काऊन व काकू, चक्कर आली का?" काकू म्हणाल्या, "नाही व बाई. चाळीस वर्षांत मोर असा निवांत पाहिला नव्हता. वावरात दिसते, पण तवा हातात विळा असते." मग आम्ही सगळ्याच तिथे बसलो. चालण्याचा हिशेब किती वेळात किती अंतर, असा नसावा हे त्या शिळेवर कळले. पाऊण तासाची उतरण आम्ही सव्वा तासात उतरलो आणि कोणाचे काही बिघडले नाही.

वाटेत जुनी देवळे लागतात. काही उभी आहेत, काही पडली आहेत, आणि वाघ महादेव, मोर महादेव अशी त्यांची नावे आहेत. झाडी संपते तशी बाभूळ दाट होते. त्यातली पुष्कळशी विलायती बाभूळ आहे. ती बाहेरून आलेली आणि मूळच्या झाडांना जागा न देणारी आहे. मग एकदम तळे समोर येते. पाणी हिरवट असते, वास थोडा उग्र येतो. पाण्यात अगदी बारीक शेवाळासारखे जीव असतात, त्यांनी तो रंग येतो. २०२० च्या जून महिन्यात हेच पाणी गुलाबी झाले होते. पुष्कळांनी लवणासुराच्या रक्ताची आठवण काढली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंग धरणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे झाल्याचे आढळले. पाणी आटून क्षार वाढले म्हणजे त्यांना फावते.

आता स्वयंपाकघरातली एक गोष्ट सांगते. पाण्यात बोट बुडवून चोळले की साबणासारखे बुळबुळीत लागते, कारण त्यात सोड्याचा खार आहे. पापडखाराचीच ही जात. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरचा खार खरवडून गोळा करीत. तो साबणाला, कापड धुण्या-रंगवण्याला आणि बांगड्यांच्या काचेला उपयोगी पडे. आमच्यातल्या एकीने पिशवीतल्या हळदीचे बोट त्या पाण्यात ओले केले. हळद पाहता पाहता तांबडी झाली. आपण चुना घालून हळदीचे कुंकू करतो, त्याचेच हे रूप. दहावीतल्या मुलांना जो धडा प्रयोगशाळेत शिकवतात, तो आमच्या आजीला परातीत ठाऊक होता. फक्त त्याला शास्त्र म्हणावे हे तिला कोणी सांगितले नव्हते.

तळ्याकाठी कमळजा देवीचे देऊळ आहे. नवरात्रात तिची यात्रा भरते. देवळासमोर, तळ्याच्या कडेला, एक विहीर आहे. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात. एका अंगाचे पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचे खारे, अशी तिची ख्याती. पाणी ओसरले म्हणजे ती दिसते, पाणी चढले म्हणजे तळ्याच्या पोटात जाते. आम्ही गेलो तेव्हा ती बुडालेलीच होती. खारे कोणते आणि गोड कोणते, यावर आमच्यात मोठा वाद झाला. आमच्या टोळीत एक खरीच सासू-सुनेची जोडी होती. सासूबाई सोबत आहेत म्हणूनच सुनेला घरून परवानगी मिळाली होती. सून काही बोलेना. सासूबाईच म्हणाल्या, "झिरा एकच असते बाई. कोणाकडे माती कशी, त्यावर चव." यावर मी आणखी काही सांगत नाही.

मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते कमळजेच्या गाभाऱ्याशी घडले. आम्ही ओटीचे सामान नेले होते: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. आमच्यातली एक भगिनी, नाव सांगत नाही, देवळाबाहेर जोड्यांजवळ थांबली. तिचे कुंकू तीन वर्षांमागे गेले. घरची शेती कापसाची, वरचे कर्ज कापसाचे. आपल्या तालुक्यात हे कसे घडते ते कोणाला सांगायची गरज नाही. प्रत्येक गावात असे एक तरी दार आहे. ती म्हणाली, "तुम्ही भरा ओटी, मी चपला सांभाळते." अकराजणींत तिचे चालणे सगळ्यांत चपळ होते. उतरणीला दोघींचा हात तिने धरला होता. आणि देवीच्या दारात आल्यावर तीच बाहेर.

क्षणभर कोणाला काही सुचेना. मग त्या सत्तरीच्या काकू उठल्या, ओटीचे तबक उचलून त्यांनी तिच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "ओटी देवीची आहे. भरणारीचे कपाळ देवी पाहत नाही, आपण पाहतो." एकदोघींच्या चेहऱ्यावर शंका होती, ती मी पाहिली. मनात आले असेल की, विटाळ नको, अपशकुन नको. पण कोणी बोलले नाही. तिने ओटी भरली. हात थरथरत होते. आमच्या डोळ्यांत पाणी आले आणि मग दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि ठेचा असे वनभोजन झाले, त्यात तिने वाढण्याचे काम घेतले. इतके दिवस हळदीकुंकवाला न बोलावली जाणारी बाई सगळ्यांच्या पानात वाढत होती. कोणाचेही काही वाईट झाले नाही. आज दोन वर्षे झाली, अकराही जणी या मांडवात बसल्या आहेत.

भगिनींनो, ही काही आपल्याच मनची गोष्ट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे सुचवले. ठराव करणे सोपे आहे असे कोणी म्हणेल. मी म्हणते, आपण तोही अजून केलेला नाही.

आता पुढच्या खेपेच्या सोयींविषयी थोडक्यात. जाण्याचा काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. उन्हाळ्यात त्या खळग्यात वारा लागत नाही आणि पावसात वाट निसरडी होते. पायांत पट्ट्याच्या, टाच धरणाऱ्या वहाणा किंवा कापडी बूट हवेत. सपाता घालून कोणी येऊ नये. साडी नेसणारीने ती आखूड नेसावी. धाकट्यांनी सलवार-कुडता घातला तर उत्तम. सकाळी सहाला निघावे, म्हणजे दुपारच्या आत चढण संपते. चढायला दीड तास धरावा. प्रत्येकीने दोन लिटर पाणी घ्यावे आणि ते प्यावे. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणी बाहेर पडल्या की आडोशाची सोय नसेल या भीतीने पाणीच पीत नाहीत, मग डोके दुखते, चक्कर येते, पुढे मूत्रविकार होतात. खाली सोय नाही असे धरूनच चालावे, निघण्यापूर्वी मुक्कामाच्या जागी सर्व आटोपावे, आणि वाटेत लागलेच तर चौघींनी मिळून एका जुन्या साडीचा आडोसा करावा. यात लाजण्यासारखे काही नाही. ती जुनी साडी मंडळाच्या सामानात लिहून ठेवली आहे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीही यावे. खाली न उतरता काठावरून तळे पाहता येते. धार आणि दैत्यसूदन दोन्ही वरच आहेत. फक्त एक नियम असावा: वर थांबणारी कोणी एकटी थांबणार नाही. आणखी एक, ही जागा वन्यजीव अभयारण्य आहे. वनखात्याचे नियम असतात, आणि पाणी वाढले तर वाट बंदही असते. आधी विचारून मगच निघावे.

पाणी वाढले म्हणजे बरेच झाले, असे आपल्याला वाटते. लोणारचे तसे नाही. या तळ्याचे सारे वैशिष्ट्य त्याच्या खारेपणात आहे. त्या खारट पाण्यात जे जीव राहतात ते गोड्या पाण्यात राहू शकत नाहीत. अलीकडच्या वर्षांत पातळी वाढत जाऊन पाणी कमळजेच्या देवळाला भिडले आहे. गावचे सांडपाणी तळ्यात जाऊ नये, तळ्याची निगा राखली जावी, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे काम चालले आहे. २०२० च्या नोव्हेंबरात या तळ्याचा रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत समावेश झाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरानंतर महाराष्ट्रातले हे दुसरे. न्यायालय आणि शासन आपापले काम करतील. आपण एवढे करू शकतो: धारेवर साबण लावू नये, कपडे धुऊ नयेत. ओटीचा खण सुती असावा, प्लास्टिकच्या पिशवीतला नसावा, आणि नारळाच्या शेंड्या व पत्रावळी आपल्याच पिशवीतून वर आणाव्यात. आम्ही अकराजणींनी दोन पोती कचरा वर आणला. त्यात आमचा अर्धे पोतेही नव्हता.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. एक, लोणारची सहल दरवर्षी मार्गशीर्षात निघावी, आणि ज्या भगिनींना खर्च झेपत नाही त्यांचा भार मंडळाच्या निधीतून उचलावा. तसे करताना कोणाचे नाव वाचून दाखवू नये. दोन, घरी तान्हे मूल किंवा आजारी माणूस आहे म्हणून जिला निघता येत नाही, तिच्या घरी दोन दिवस मंडळातल्याच कोणीतरी थांबावे, आणि पुढल्या वर्षी पाळी बदलावी. तीन, मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि सहलीतल्या ओटीला सर्व सभासदांना सारखे बोलावणे जावे, मग कोणाचे कपाळ कसेही असो. पहिल्या दोन सूचनांना पैसा आणि हात लागतील. तिसरीला काही लागत नाही, म्हणून तिलाच जास्त वेळ लागेल, हे मी जाणून आहे.

देवदर्शनावाचून एवढ्या लांब कशाला, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच. ज्यांना ते पटले असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. ज्यांना पटले नसेल त्यांनी माझ्याशी चहाच्या वेळी खुशाल भांडावे.